अवखळ पिलू

गेल्या काही वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. पूर्वी दाराशी गावठी कुत्रा असे. तो अंगणातच जन्मे, अंगणातच वाढे, रात्री भुंके व दिवसा चिंचेच्या सावलीत पडून राही. त्याला कोणी मुद्दाम बसवून काही शिकविले असे ऐकिवात नाही, आणि त्याचेही त्यावाचून काही अडत नसे. आता पुण्यास, मुंबईस अगर आखातात नोकरी करणारा मुलगा सुटीवर येताना बेळगावच्या बाजारातून कापसाच्या गोळ्यासारखे पांढरेशुभ्र पिलू टोपलीत घालून आणतो. सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. पंधरा दिवसांनी मुलगा आपल्या कामावर परत जातो, आणि पिलू आजीच्या पदरी राहते.

पुढे काय होते, ते घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने दारोदारी फिरताना आमच्या दृष्टीस पडते. पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात चपला फाटू लागतात, आजीच्या लुगड्याचे काठ दातांत सापडू लागतात, लहान मुलांच्या पोटऱ्यांवर ओरखडे उठतात, आणि पिलाच्या पाठीत झाडणी बसू लागते. चौथ्या महिन्यात ते मागील दारी खांबाला साखळीने बांधले जाते. दिवसभर बांधलेले ते दिवसभर भुंकते. वर्ष उलटण्यापूर्वीच, बाजारच्या दिवशी, कोणीतरी त्याला पोत्यात घालून दूरच्या गावी सोडून येतो. सर्वच घरांत असे घडते असे आमचे म्हणणे नाही. पण जेथे घडते तेथे "जातच खोडकर" असे म्हणून सारा दोष त्या मुक्या जिवावर टाकला जातो, आणि ते आम्हांस पटत नाही.

या छोट्या जातींच्या अंगी इतकी चपळाई कोठून येते, हे समजून घेतले तर पुष्कळसा राग आपोआप निवळेल. कुत्र्यांच्या बहुतेक जाती माणसानेच कोणत्या ना कोणत्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून घडविल्या आहेत. आमच्याच मुलखाजवळचा मुधोळचा शिकारी कुत्रा पाहा. सडपातळ, लांब पायांचा, मोकळ्या माळावर सशामागे धावण्यासाठीच जणू घडविलेला. छोट्या जातींची गोष्टही हीच आहे. 'टेरियर' हे नाव 'तेरा' म्हणजे भूमी या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण जमिनीतील बिळांत शिरून उंदीर-कोल्हे बाहेर काढणे हे या कुत्र्यांचे काम होते. 'जॅक रसेल टेरियर' ही जात तर इंग्लंडातील डेव्हन परगण्याच्या एका अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी विद्यार्थिदशेत, १८१९ साली, ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून 'ट्रंप' नावाची कुत्री विकत घेतली, आणि तिच्यापासून हा वंश वाढला असे सांगतात. पाद्रीसाहेबांस प्रवचनापेक्षा शिकारीची ओढ अधिक होती असाही त्यांचा लौकिक आहे. त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. आखूड पायांचा डॅशहुंड हा जर्मनीतला. त्याच्या नावातच बिळात राहणाऱ्या बिज्जूचा उल्लेख आहे. त्याने परसातील आळूची वाफ उकरली तर तो आपल्या वाडवडिलांचा धंदा करीत आहे एवढेच समजावे.

आमच्याकडे येणारी पांढरी पिले बहुधा स्पिट्झ कुळातली असतात. लोक त्यांस सरसकट 'पामेरियन' म्हणतात. पण त्यांतील बरीचशी वस्तुतः 'इंडियन स्पिट्झ' असतात. १९९४ साली निघालेल्या 'हम आपके हैं कौन' या बोलपटातील टफी ज्यांनी पाहिला असेल त्यांस हे रूप ओळखीचे वाटेल. टोकदार कान, कोल्ह्यासारखे तोंड, पाठीवर वळलेली शेपटी, आणि पाऊल वाजताच भुंकण्याची तयारी. राखण करणे हा या कुळाचा जुना व्यवसाय. अशा प्राण्याच्या अंगी काम करण्याची प्रेरणा ठासून भरलेली, आणि आपल्या घरी मात्र त्याला दिवसभर काहीच काम नाही. मग ते स्वतःच काम शोधून काढते, आणि ते आपल्या पसंतीस उतरत नाही.

तेव्हा प्रश्न पिलाचा जोम मोडून काढण्याचा नसून त्याला वाट करून देण्याचा आहे. मार दिल्याने पिलू शिकत नाही असे नव्हे. ते एक गोष्ट पक्की शिकते, ती ही की माणसाच्या हाताला भ्यावे. आणि भ्यालेल्या कुत्र्यास पळायला वाट नसली म्हणजे ते चावते. गावात "चावरा" म्हणून जो कुत्रा प्रसिद्ध असतो, त्याच्या लहानपणाची चौकशी केली तर बहुधा साखळी व काठी यांपैकी एक तरी तेथे सापडते.

पिलाच्या अवखळपणाचे अत्यंत साधे, पण फारसे कोणाच्या ध्यानात न येणारे एक कारण म्हणजे अपुरी झोप. दोन-तीन महिन्यांचे पिलू दिवसरात्रीच्या चोवीस तासांपैकी अठरा-वीस तास झोपते. पण ज्या घरी चार मुले आहेत तेथे शाळेतून आलेले प्रत्येक मूल त्याला उठवून उचलते. संध्याकाळ होईपर्यंत पिलू शिणून गेलेले असते, आणि शिणलेले पिलू रडक्या तान्ह्या मुलाप्रमाणे शांत होण्याऐवजी अधिकच चेकाळते. नेमकी हीच वेळ आमच्या घरांत जपमाळेची असते! वडील मंडळी गुडघे टेकून बसली आहेत, दिवा लावला आहे, आणि पिलू अंगात आल्यासारखे खोलीभर गरगर धावत एकेकाच्या पायाला तोंड लावीत आहे, हे दृश्य आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे. मुले हसू आवरीत नाहीत, आजोबा डोळे वटारतात, आणि तिसऱ्या रहस्यापाशी प्रार्थना मोडते.

यावर उपाय दुपारी करावयाचा असतो, संध्याकाळी नव्हे. घराच्या एका शांत कोपऱ्यात पोते किंवा जुनी गोधडी घालून पिलाची जागा ठरवून द्यावी, आणि पिलू तेथे असताना त्याला कोणीही हात लावावयाचा नाही असा घरातील मुलांस दंडक घालावा. मुलांस हा नियम कळतो. किंबहुना पिलापेक्षा आधी त्यांनाच शिकवावे लागते. प्रार्थनेच्या अर्धा तास आधी पिलाला अंगणात न्यावे, दहा मिनिटे मनसोक्त हुंगू द्यावे, थोडे खेळवावे, शौच-लघवी उरकून घ्यावी, आणि मग त्याच्या जागी चघळण्यास काहीतरी देऊन बसवावे. नाकाने हुंगत फिरणे ही कुत्र्याची मोठी करमणूक आहे. अंगणात गवतात चार दाणे खाऊ विखरून टाकला आणि तो शोधावयास लावले, तर पिलू जेवढे दमते तेवढे उगाच चेंडू फेकून दमत नाही. चेंडूमागे तासभर धावडविलेले पिलू उलट अधिक पेटते.

आता चावण्याविषयी. पिलास अठ्ठावीस दुधाचे दात असतात, सुईसारखे अणकुचीदार. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिलू दिसेल ते चावते. त्यात दुष्टावा नाही. आपल्या आईजवळ व भावंडांत असताना ते चावण्याची मर्यादा शिकत असते. फार जोराने चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडून आणू नये. विकणारा घाई करतो, घेणाराही "लहानपणीच आणले तर लळा लागतो" म्हणतो. पण महिन्याभराचे पिलू आणले तर हा पहिला धडा बुडतो आणि तो पुढे आपल्या हातापायांवर गिरविला जातो.

घरी ते चावू लागले की ओरडू नये, हात झटकू नये, पळू नये. पळणारा पाय ही त्याच्या दृष्टीने शिकार होय. स्तब्ध उभे राहावे, हात छातीशी घ्यावेत, आणि त्याच्या तोंडात चावण्याजोगी वस्तू द्यावी. जुन्या सुती कापडाला दोन-तीन गाठी मारून, पाण्यात भिजवून, थंड करून दिलेला बोळा दात येण्याच्या दिवसांत फार सुखकर होतो. मात्र तो फाटून पोटात जाणार नाही याकडे लक्ष असावे. तरीही पिलाने पाय सोडला नाही, तर मुकाट्याने खोलीबाहेर जावे आणि अर्ध्या मिनिटाने परत यावे. चावले की खेळ संपतो, एवढेच त्याला कळावयास हवे. दहा वेळा करावे लागेल, कदाचित शंभर वेळा. पण दहापैकी तीन वेळा असे केले आणि सात वेळा हसून हात पुढे केला, तर पिलू त्या सातांवरूनच शिकेल.

संत जॉन बॉस्को यांनी मुलांच्या शिक्षणासाठी ज्या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि १८७७ साली जिच्यावर छोटासा निबंध लिहिला, तिला त्यांनी 'प्रतिबंधक पद्धती' असे नाव दिले. गुन्हा घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तो घडण्याचा प्रसंगच येऊ देऊ नये, आणि मुलांमध्ये प्रेमाने वावरावे, हे तिचे सार. मुलाचा आत्मा आणि पिलाची बुद्धी यांची तुलना करण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. तथापि चपला फळीवर ठेवण्याइतका प्रतिबंध पिलाच्या बाबतीतही उपयोगी पडतो! (त्याच संतांच्या चरित्रात 'ग्रिजो' नावाच्या एका भल्यामोठ्या करड्या कुत्र्याची हकीकत आहे. रात्री-अपरात्री वाटमाऱ्यांपासून तो त्यांचे रक्षण करी.)

घरात घाण करण्याविषयी आमच्या भगिनींची तक्रार सर्वांत मोठी असते, आणि ती रास्त आहे. कारण पुसावे त्यांनाच लागते. दोन महिन्यांच्या पिलास दिवसा दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरून ठेवता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा त्याला न चुकता उचलून बाहेर एकाच ठरावीक जागी न्यावे, आणि काम होताच तेथल्या तेथे शाबासकी व खाऊ द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याबद्दल मिळाला असेच त्याला वाटते. घाणीत नाक घासण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. घटकेपूर्वी केलेल्या गोष्टीचा आताच्या शिक्षेशी संबंध पिलास जोडता येत नाही. ते अंग चोरते, डोळे चुकविते, आणि आपण म्हणतो, "पाहा, याला आपली चूक कळली!" त्याला कळलेला असतो तो फक्त आपला राग. पुढच्या खेपेस ते माणसांसमोर लघवी करण्याचे टाळते आणि खाटेखाली जाऊन करते.

शब्दांचेही असेच. एका घरी आम्ही पाहिले की वडील 'बस' म्हणत, इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा 'सिट' म्हणे, आणि आजी "खाली टेक की रे मेल्या" असे म्हणे. पिलाने तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि उभेच राहिले. भाषा कोणतीही असो, प्रत्येक गोष्टीस घरभर एकच शब्द ठरवावा. बस, ये, थांब, सोड, हे चार शब्द आले तरी संसार चालतो. 'बस' शिकविताना खाऊचा लहानसा तुकडा पिलाच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होताच मागचा भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी तुकडा द्यावा. पाठ दाबून बसविण्याची गरज नाही. एका वेळी तीन-चार मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, एवढेच शिक्षण पुरे. 'ये' हा शब्द तर जपून वापरावा. 'ये' म्हणून बोलवावे आणि जवळ येताच मारावे अगर बांधून टाकावे, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा पिलू का येईल? रस्त्यावर मालमोटार येत असताना याच एका शब्दावर त्याचा जीव अवलंबून असतो.

कनानी स्त्रीचे शुभवर्तमानातील बोलणे आमच्या वाचकांस ठाऊक आहे: धन्याच्या मेजावरून पडलेले तुकडे कुत्रीही खातात, असे ती प्रभूला म्हणाली. मूळ ग्रीकमध्ये तेथे जो शब्द आहे तो लहान, घरातल्या कुत्र्यासाठी वापरावयाचा आहे. तिच्या श्रद्धेचे प्रभूने कौतुक केले. आमच्या जेवणाच्या पाटापाशी पिलाला तुकडे टाकण्याची सोय मात्र त्या वचनातून काढू नये. ताटातून एकदा मिळाले की ते रोज पाय ओरबाडून मागते. त्यातही आमचा कालवणातला तुकडा म्हणजे कांदा-लसूण आलाच, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तास अपाय करतात. शिजविलेल्या कोंबडीची हाडे तुटून टोकदार होतात व घशात किंवा आतड्यात रुततात. नाताळात विशेष सावध असावे: मनुका व द्राक्षे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, चॉकलेट विषारी ठरते, आणि आपल्या नाताळच्या केकात मनुका भरपूर असतात. मुलांनी प्रेमाने भरविलेला एक घास छोट्या पिलास महागात पडतो. त्याचे स्वतःचे अन्न, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, त्याच्या थाळीत द्यावे. अगदी छोट्या जातींच्या पिलांस फार वेळ उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर उतरून ती गळून पडतात.

छोट्या शरीराची आणखीही पथ्ये आहेत. खाटेवरून अगर मुलाच्या कडेवरून पडून पिलाचा पाय मोडू शकतो. म्हणून लहान मुलांनी त्याला उभ्याने उचलू नये, जमिनीवर बसून मांडीवर घ्यावे. गळ्यातील पट्ट्याला हिसके दिल्याने श्वासनलिकेस इजा होते, म्हणून फिरावयास नेताना छातीभोवतीचा पट्टा बरा. केसाळ पिलाला उन्हाळ्यात पहाटे व सांजवेळीच बाहेर काढावे.

तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ पिलाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या काळात जे शांतपणे पाहिले-ऐकले, त्याची पुढे भीती राहत नाही. चर्चची घंटा, फेस्ताचा बँड, ट्रॅक्टर, छत्री, धर्मगुरूंचा पांढरा झगा (आमच्यावर कित्येक कुत्री केवळ झग्यामुळेच भुंकतात) हे सारे त्याला दुरून दाखवावे, आणि दाखविताना खाऊ द्यावा. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन हिंडवावे, परक्या कुत्र्यांत जमिनीवर सोडू नये. फेस्ताच्या फटाक्यांजवळ मात्र पिलाला कधीच नेऊ नये. त्या रात्री आतल्या खोलीत, दारे लावून, घरातील कोणी तरी त्याच्याजवळ बसावे.

लसीची गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. इतर रोगांवरील लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावयाच्या असतात, आणि रेबीजची पहिली लस तिसरा महिना पूर्ण होताच. पुढे गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती पुनःपुन्हा टोचून घ्यावी. "पिलूच तर आहे, त्याच्या चावण्याने काय होते?" हा समज घातक आहे. पिलालाही रेबीज होतो आणि पिलापासूनही तो माणसास होतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पॅरिस येथे पहिल्याने ही लस देवविली आणि तो मुलगा वाचला. आज लस सरकारी दवाखान्यातही मिळते. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा कोणताच इलाज चालत नाही. म्हणून दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, हळद, तिखट यांपैकी काहीही लावू नये. मुलांस असेही सांगून ठेवावे की पिलू चावले तर घरी सांगण्यात मार नाही. माराच्या भीतीने मूल ओरखडा लपविते, आणि ते फार भयंकर आहे.

साखळीविषयी कायदाही बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाप्रमाणे जनावरास अवाजवी आखूड अगर जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणे, आणि पाळलेले जनावर विनाकारण सोडून देणे हे अपराध आहेत. ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथातही प्राण्यांशी दयेने वागणे हे माणसाचे देणे आहे असे सांगितले आहे. त्याच जागी, माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणे उचित नव्हे, असेही म्हटले आहे. हजारो रुपये देऊन पिलू विकत घेण्याची ज्यांची ऐपत नाही त्यांनी शेजारी हिणवितात म्हणून कर्ज काढू नये. गावठी पिलूही वर सांगितलेले सारे धडे शिकते.

शेवटी रविवारची अडचण. सारे कुटुंब मिस्सेला जाते आणि एकटे पडलेले पिलू आळीभर ऐकू जाईल असे रडते. एकटे राहणे हेही शिकवावे लागते. आधी एक मिनिट दाराआड जावे, मग पाच, मग पंधरा. जाताना निरोपाचा सोहळा करू नये आणि आल्यावर मिठ्या मारू नयेत. मिस्सेपूर्वी पिलाला फिरवून आणले, पाणी ठेवले, चघळण्यास काही दिले, तर महिना-दीड महिन्याच्या सरावाने ते तासभर झोपून काढते. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासास निघतो तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग जातो, तशी काही कुत्री धन्याबरोबर आमच्या चर्चपर्यंत येतात. त्यांनी बाहेर पायऱ्यांवर बसावयास आमची हरकत नाही. मात्र दोरी एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती असू द्यावी, आणि घंटा वाजल्यावर आत येऊ देऊ नये.